तोंडचं पाणी पळालेला माणूस

पावातलं पाणी काढणं हे त्याचं काम होतं. पाव भाजून, थंड करून, त्याचे काप मंद भट्टीत पुन्हा भाजले की टोस्ट होतो. ही दुसरी भाजणी त्याच्याकडे होती. पहिली भाजणी कुणीही करतं, दुसरीला कान लागतो, असं तो म्हणे. पत्र्यावरचा एक काप उचलायचा आणि नखाने टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर माल तयार. दबका आला तर आत ओल आहे, पत्रा परत भट्टीत. मिसरूड फुटल्यापासून तो टोस्टना टिचक्या मारत आला होता आणि त्याच्या हातून ओला टोस्ट कधी बाहेर गेला नव्हता. आयुष्यात त्याला अभिमान वाटावा अशी ही एवढी एकच गोष्ट होती, आणि पुढे तीच त्याच्यावर उलटली.

बेकरीत त्याला शिंक्या म्हणत. मैद्याच्या धुळीत दिवस काढणाऱ्याचं नाक कधीतरी तक्रार करतंच, पण ह्याच्या नाकाची तक्रार रस्त्यापलीकडे ऐकू जाई. एकदा ठोक माल घेणारा एक दुकानदार भट्टीपाशी उभा असताना त्याने भरल्या पत्र्यावर अशी काही शिंक दिली, की दुकानदाराने तो पत्रा सोडून बाकीचे घेतले आणि पुढच्या वेळी आलाच नाही.

मालकांनी शिंक्याला बोलावलं. मालक म्हणजे बुटके, गोल, आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ. त्यांच्या तोंडात कवळी होती आणि तिच्यात डाव्या बाजूला एक दात सोन्याचा. ते हसले की आधी तो दात हसायचा.

"एक तर शिंक बंद कर, नाहीतर भट्टी बंद कर," मालक म्हणाले.

"शिंक काय माझ्या हातात आहे, मालक?"

"नाही ना? मग माझ्या हातात आहे." त्यांनी खणातून पिवळ्या गोळ्यांची बाटली काढली. "रोज संध्याकाळी एक. तुझ्या पगारातून कापणार नाही. माझ्यातर्फे."

मालकांनी फुकट दिलेली ही पहिलीच वस्तू. शिंक्याला भरून आलं. गोळीने शिंक गेली, झोप मात्र अशी यायला लागली की माळ्यावर चढेपर्यंत डोळे मिटत. पुढे एका गोळीला शिंक दाद देईना, तेव्हा मालकांनी मोठ्या मनाने दोन केल्या.

माळा भट्टीच्या डोक्यावरच होता. पहाटे भट्टी पेटवायची म्हणून शिंक्या तिथेच झोपे. घरी तो सुट्टीपुरता जाई, कारण घर एका खोलीचं होतं आणि त्याच्या वाटणीच्या जागेत बायकोचा भाऊ राहत होता. मेहुणा नोकरी लागेपर्यंत आला होता. नोकरीने त्याची फार वाट पाहिली, शेवटी तीही कंटाळली.

तर माळ्यावर, खालून भट्टीची धग, अंगात दोन गोळ्या आणि नाक मैद्याने लिंपलेलं, असा शिंक्या तोंड उघडं टाकून झोपे. रात्री कधीतरी जाग येई तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असे. ती पत्र्यावरून करपलेला काप सोडवावा तशी हळूच सोडवावी लागे. ओठांच्या कडांना भेगा. थुंकी गिळायला जावं तर गिळायला काही नाही. पाणी प्यावं, तर संडास मागच्या अंगणात आणि अंगणाच्या दाराला रात्रभर मालकांचं कुलूप; उघडं दार दिसलं की बिस्किटांना पाय फुटतात, असं मालकांचं मत होतं. म्हणून दिवेलागणीनंतर शिंक्या पाणीच पीत नसे. सकाळी कुलूप निघालं, चूळ भरली, गरम पाणी घशाखाली गेलं, की मग त्याला शब्द फुटे. तोवर तो मानेने बोले. ह्यात आजार आहे असं त्याच्या डोक्यात आलं नाही. टोस्टच्या भट्टीवर राहणाऱ्याचा टोस्ट होणारच, असं तो धरून चालला होता.

मालक रोज प्रत्येक भाजणीतला एक टोस्ट चावून पाहत. एकदा भट्टीचा ताव जरा जास्त लागला होता. मालकांनी कडकन चावा घेतला आणि कवळीतल्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. त्यांनी तो कपचा तळहातावर घेतला, शिंक्याला दाखवला आणि म्हणाले, "हा टवका तुझ्या नावावर." त्यानंतर मालक बोलले की त्या फटीतून बारीक शीळ यायची. शिंक्या ती ऐकून मान खाली घालायचा. आपल्या हातचा टोस्ट इतका खणखणीत निघाला ह्याचा आनंद लपवायला मान खालीच बरी.

मग एका संध्याकाळी कवळी नाहीशी झाली.

त्या दिवशी मालक मालकीणबाईंना घेऊन त्यांच्या नात्यात जेवायला गेले होते. दुपारी परत आले, कचेरीतल्या बाकावर आडवे झाले. झोपताना कवळी स्टीलच्या पेल्यात पाण्यात ठेवायची त्यांची सवय. संध्याकाळी उठून पेल्यात हात घातला, तर आत नुसतं पाणी. मालकांनी कुणाला काही विचारलं नाही. त्यांनी माणसं आत ठेवून पुढच्या दाराला कुलूप घातलं, मागचं होतंच, आणि रात्रभर बाहेर खुर्ची टाकून बसले.

सकाळी कुणी चूळ भरायच्या आत त्यांनी सगळ्यांना भट्टीपुढे उभं केलं. सगळे म्हणजे तिघे. एक शिंक्या. दुसरा पीठ मळणारा, ज्याला दंडांमुळे पैलवान म्हणत. तिसरा हिशेबनीस, जो मालकांचा भाचा होता आणि त्यामुळे हिशेब येत नसला तरी चालत असे.

दात नसलेले मालक कुणी कधी पाहिले नव्हते. खालचा ओठ आत गेला होता, हनुवटी नाकाला भेटायला निघाली होती.

"शोल इथंच आहे," मालक म्हणाले.

कुणाला काही कळेना. पैलवान पुढे झाला. "चोर इथंच आहे, म्हणतायत मालक."

"कललं त्यांना! तू मधे बोलू नको!"

पैलवानाला खोकला आला. तो बराच वेळ खोकला आणि खोकताना त्याचे खांदे हलत होते. भाच्याने छताकडे पाहिलं. शिंक्या तेवढा हसला नाही. गोळीची गुंगी अजून उतरली नव्हती. त्याला मालक धूसर दिसत होते. पुढे मालकांनी हाही पुरावा धरला: सगळ्यांना हसू आवरत नव्हतं, ह्यालाच कसं आलं नाही?

मालकांची पद्धत सोपी होती. 'तोंडचं पाणी पळणं' हे भाषेत सगळेच ऐकतात आणि सोडून देतात. मालकांनी ते सोडलं नाही. ज्याने चोरी केली तो घाबरला असणार. घाबरला असेल तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं असणार. आणि पळालं असेल तर त्याला कोरडा टोस्ट गिळता येणार नाही. ह्या विचारात एकही पायरी चुकलेली नाही. फक्त जिना दुसऱ्याच घराला लावला होता.

"टोश्ट खा," मालक म्हणाले. "पानी नाही. ज्याला गिलनाल नाही, तो शोल."

भाच्याने सांगितलं, की तो सकाळीच चहा पिऊन बसलाय, त्यामुळे त्याचं खाणं हिशेबात धरता येणार नाही. चहा त्याला कुठून मिळाला हे मालकांनी विचारलं नाही. पैलवानाने टोस्ट दोन घासांत संपवला, बोटं चाटली आणि विचारलं, "अजून एक मिळेल का?"

मग शिंक्या. त्याने टोस्ट हातात घेतला आणि सवयीने टिचकी मारली. आवाज खणखणीत आला. स्वतः भाजलेला होता, आत ओलीचा कण नव्हता. त्याने तुकडा तोंडात घातला, चावला, पुन्हा चावला. तोंडात चुरा झाला, चुऱ्याचं पीठ झालं, ते पीठ टाळूला, हिरड्यांना, जिभेच्या बुडाला जाऊन बसलं. त्याने मान वर केली, खाली केली, गळा पुढे काढला. घशाची घाटी वर गेली आणि रिकाम्या हाताने खाली आली. डोळ्यांत पाणी आलं, जिथे हवं होतं तिथे नाही.

"पाणी," तो म्हणाला. शब्दाऐवजी पिठाचा लोट बाहेर आला.

"पाहिलंत?" मालक म्हणाले. हा शब्द मात्र दातांशिवायही स्वच्छ निघाला.

शिंक्याने बोटाने तोंड साफ केलं. "मालक, मला रोजच असं होतं. रोज सकाळी."

"म्हंजे लोज शोलतोश."

त्याचं अंथरूण झटकलं, खिसे उलटे केले, मैद्याची पोती काठीने ढोसली. कवळी निघाली नाही. भाचा म्हणाला, गिळली असेल. पैलवान डोकं खाजवत म्हणाला, "टोस्ट गेला नाही, तिथे कवळी कशी गेली असेल?" मालकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पैलवान पीठ मळायला गेला आणि पुन्हा कुठल्याही बाबतीत त्याला शंका आली नाही.

शिंक्याला गेटाबाहेर काढलं. चावून उरलेला अर्धा टोस्ट अजून त्याच्या हातात होता. तो मालकांनी परत घेतला.

घरी पोचला तेव्हा बातमी त्याच्या आधी येऊन बसली होती. बायकोने दार लावलं, कडी घातली, आवाज खाली आणला.

"अहो, कुठे ठेवलाय?"

"काय?"

"दात."

"मी नाही घेतला."

"मी काय पोलीस आहे? बायको आहे मी. मला सांगायला काय होतं?"

"अगं, घेतलाच नाही तर सांगू काय?"

"मग तोंड का सुकलं?"

कोपऱ्यात पडलेला मेहुणा कोपरावर उठला. "दाजी, तुमच्या वस्तूवर आमचा काही हक्क नाही. कवळी तुम्ही ठेवा. पुढेमागे लागेल. फक्त तो सोन्याचा तेवढा ताईला द्या."

"नाहीये माझ्याकडे!"

"बरं, बरं. आठवेल तेव्हा सांगा. घाई नाही."

त्याला झोप लागली की बायको त्याच्या कपड्यांच्या शिवणी चाचपून पाही. त्याने चोरी केली ह्याचा तिला राग नव्हता. चोरी करून घरी काही आणलं नाही, ह्याचा होता. नवरा गरीब असतो हे बाई समजून घेते, चोर असतो हेही घेते. दोन्ही एकदम असला तर तिने काय करावं?

दुसऱ्या बेकऱ्यांत त्याच्या आधी त्याचं नवं नाव पोचलं होतं. शिंक्याचा आता कोरड्या झाला होता. एका बेकरीवाल्याने त्याला बसवून घेतलं, आस्थेने टोस्ट पुढे केला आणि म्हणाला, "खाऊन दाखव की." आत काम करणारी माणसं हातातली कामं टाकून बघायला आली. तो उठून आला.

रस्त्यात उभं राहून त्याने विचार केला. त्याचा विचार मालकांच्या विचारासारखाच सरळ होता. तोंड भीतीने सुकलं म्हणून तो चोर ठरला. ते रोजच सुकतं, म्हणजे भीतीने नाही, दुसऱ्या कशाने तरी. ते दुसरं काय हे सापडलं, ते बरं झालं, की मालकांपुढे जायचं, सगळ्यांसमोर टोस्ट गिळून दाखवायचा आणि मालकांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं: हा चोर नाही. नोकरी नंतर बघू. आधी ते वाक्य.

म्हणून तो आपल्या तोंडाच्या मागे लागला. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, झोपताना लवंग धरायची. त्याने धरली, ती झोपेत नाकापर्यंत झणझणली. कुणी म्हणालं, तेलाच्या गुळण्या. कुणी म्हणालं, तांब्याभर पाणी पिऊन झोपायचं. ते केल्यावर तो रात्रभर संडासच्या वाटेवर राहिला आणि वाटेत मेहुण्याच्या पायांवर दोनदा पडला.

त्यामुळे उपाय शोधण्यात मेहुण्यालाही रस निर्माण झाला. "दाजी, साधी गोष्ट आहे. तोंड उघडं राहतं म्हणून सुकतं. मग बंद ठेवायचं." त्याने कुठूनसा खोकी चिकटवायच्या चिकटपट्टीचा गुंडाळा आणला आणि दाजी झोपल्यावर त्यांच्या तोंडावर गालापासून गालापर्यंत पट्टी मारली. सल्ल्यात चूक एवढीच होती, की नाकाचा विचार केला नव्हता. दाजी निळे पडून उठले, हात-पाय झाडत भिंतीवर आपटले, आणि पट्टी निघाली तेव्हा तिच्याबरोबर अर्धी मिशी आली. मेहुणा मनापासून दिलगीर होता. "पण दाजी, तोंड सुकलं का, सांगा? नाही ना?"

एक फायदा झाला. नाकातून श्वास जातच नाही, हे त्याला त्या रात्री कळलं. सकाळी अर्ध्या मिशीवर हात ठेवून तो सरकारी दवाखान्यात नाक-कान-घशाच्या रांगेत जाऊन बसला.

डॉक्टर तरुण होता आणि त्याला जेवायला जायचं होतं. त्याने आधी साखर तपासायला लावली. ती ठीक निघाली. मग नाकात दिवा घालून पाहिलं.

"काय काम करता?"

"बेकरीत. टोस्टच्या भट्टीवर."

"तरीच. आतून सगळं सुजलंय. मैदा सोसत नाही तुमच्या नाकाला. नाक बंद, म्हणून झोपेत तोंड उघडं. आणि गोळ्या काय घेता?"

"पिवळी. शिंकेची. रोज दोन. मालक देत होते, बाटली अजून आहे."

"रोज? किती दिवस?"

"आठवत नाही. बरेच."

डॉक्टर हसला. "मग तोंडाला पाणी राहील कसं? ती गोळी नाक सुकवते, तसं तोंडही सुकवते. शिंक थांबली, थुंकीपण थांबली. एक तर तोंड उघडं टाकून झोपायचं, वर ही गोळी, वर भट्टीची धग. मुद्दाम करायचं ठरवलं असतं तरी इतकं नीट जमलं नसतं."

शिंक्या ऐकत होता आणि त्याच्या छातीवरचा दगड हलत होता. "म्हणजे भीतीने नाही?"

"कसली भीती?"

त्याने टोस्टची हकिगत सांगितली. डॉक्टर जेवण विसरून ऐकत राहिला, मग शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरणीला बोलावून त्याने ती पुन्हा सांगायला लावली. दोघं डोळे पुसेपर्यंत हसली.

"साहेब, तेवढं लिहून द्या," शिंक्या म्हणाला.

"काय लिहून देऊ?"

"की तोंड गोळीने सुकलं. मी चोर नाही."

"पहिलं देतो. दुसरं कसं देऊ? मी नाकाचा डॉक्टर आहे, चारित्र्याचा नाही."

मग त्याने उपाय सांगितले. गोळी बंद. कोमट पाण्यात मीठ घालून सकाळ-संध्याकाळ नाक धुवायचं, नाकात मारायला एक फवारा, डोक्याखाली उशी उंच, खोलीत ओला कपडा टांगायचा, आणि मैद्यापासून लांब राहायचं. शेवटचा उपाय मालकांनी आधीच करून ठेवला होता.

नाक मोकळं होत गेलं. आधी एक बाजू, मग दुसरी. जीभ टाळूला चिकटेनाशी झाली. आणि एका सकाळी तो उठला तर उशीवर हाताच्या पंजाएवढा ओला डाग. त्याने बोट लावून पाहिलं. लाळ! त्याची स्वतःची! त्याने बायकोला गदागदा हलवून उठवलं.

"बघ! बघ इकडे!"

बायकोने पाहिलं. "आता हा अभ्रा कोण धुणार?"

मेहुण्याने दोघांकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं आणि समजून मान हलवली. "विकला वाटतं, दाजी. माणूस निर्धास्त झाला की लाळ गळते."

शिंक्या उठून मोरीत गेला. त्याने दाढी केली, मिशीची उरलेली बाजूही काढून टाकली, धुतलेला सदरा घातला आणि बेकरीत गेला. वाटेत त्याने दोन-तीनदा थुंकून पाहिलं. साठा भरपूर होता.

भट्टीपुढे सगळे होते. पैलवान, भाचा, पुडे बांधायला दिवसा येणाऱ्या दोघी बायका, आणि त्याच्या जागी आलेला नवा भट्टीवाला. मालक टोस्टच्या पत्र्याशी उभे होते. तोंडात दात होते. डावीकडे सोनं चमकत होतं.

"मालक," शिंक्या म्हणाला, "मला टोस्ट द्या. सगळ्यांसमोर."

"कशाला?"

"मला आजार होता. डॉक्टरने सांगितलं. तुमच्या गोळीने आणि मैद्याने तोंड सुकायचं. आता बरं झालंय. आता परीक्षा घ्या."

मालक हसले. आधी सोन्याचा दात हसला, मग ते. "दे रे त्याला."

नव्या माणसाने टोस्ट दिला. शिंक्याने टिचकी मारली. आवाज दबका आला. त्याच्या कपाळाला आठी पडली. तो टोस्ट त्याने बाजूला ठेवला. त्याने दुसरा उचलला, तोही दबका. पत्र्याच्या कडेचा एक काप त्याला हवा तसा कोरडा मिळाला. फसवणूक नको होती त्याला. तो त्याने चावला, गिळला, आणि लहान मुलाने औषध घेतल्यावर दाखवावं तसं तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. आत जीभ लखलखत होती.

"झालं?" तो म्हणाला.

मालकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "बघितलंत? पचली."

पुड्यांवाल्या बायकांपैकी एक फिदकन हसली. मग पैलवान हसला, मग भाचा, मग नवा माणूस, ज्याला कशावर हसतोय हे माहीत नव्हतं.

"तेव्हा मनात भीती होती, तोंड सुकलं," मालक म्हणाले. "आता माल जिरला, भीती गेली. तोंडाला पाणी सुटलंय बघा कसं." आणि हसता हसता त्यांनी पत्र्यावरचा एक टोस्ट उचलून स्वतः चावा घेतला.

चावताना बारीक शीळ आली. बोलतानाही आली होती, शिंक्याच्या कानाला ती आत्ता लागली.

शिंक्याने पाहिलं. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता. कोपऱ्याची ती तिरकी रेघ त्याने कितीतरी दिवस मान खाली घालून चोरट्या अभिमानाने पाहिली होती.

"मालक," तो म्हणाला, "हा टवका माझ्या नावावरचा."

हसणं थांबलं. मालक चावत होते. चावत राहिले. घास ह्या गालातून त्या गालात गेला, परत आला. त्यांनी मान पुढे काढली. घाटी वर गेली, खाली आली. डोळे बाहेर आले. ओठांच्या कडेला पीठ दिसायला लागलं. त्यांनी हाताने खूण केली.

पैलवान धावला, पाण्याचा तांब्या घेऊन आला, एका हाताने मालकांची पाठ चोळायला लागला. "ठसका लागला मालकांना. सरका, वारा येऊ दे."

"ठसकाच तो," भाचा म्हणाला.

"टोस्ट फार कोरडा आहे," पुड्यांवाली म्हणाली आणि नव्या माणसाकडे रागाने पाहिलं. तो टोस्ट चांगला ओला होता.

मालक पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं, सगळ्यांना कामाला लावलं आणि शिंक्याला कचेरीत नेऊन दार लोटलं.

"सापडली," ते म्हणाले. "तुला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या जेवणात हिरडीला लागत होती म्हणून रुमालात बांधून खिशात टाकली होती. विसरलो. हिने धुण्याच्या बादलीत बघितली."

"मग मला बोलावलं का नाही?"

"कशाला? तू गेलास आणि बिस्किटं चोरीला जायची बंद झाली. लोक वेळेवर यायला लागले. एका टोस्टमध्ये जेवढी शिस्त आली, तेवढी मला इतक्या वर्षांत लावता आली नव्हती. बाहेर सांगितलंय, कवळी नवी केली."

"मग आता बाहेर येऊन एवढंच सांगा. मी चोर नाही."

"आणि टोस्टला कोण घाबरेल मग?" मालक हे अगदी समजुतीने म्हणाले. "हे बघ, नवा माणूस ओला माल काढतोय. दुकानदार परत पाठवतायत. तू उद्यापासून ये. पगार तोच."

"तुम्ही सांगितलंत तर येतो."

"मग नको येऊस."

बाहेर भट्टीचं दार आपटल्याचा आवाज झाला. नव्या माणसाने पत्रा लवकर काढला होता, हे शिंक्याला आवाजावरून कळलं.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. कवळी मालकांच्याच रुमालात होती इथपर्यंत आल्यावर तिने त्याला थांबवलं.

"म्हणजे तुमच्याकडे नव्हतीच?"

"मी पहिल्यापासून तेच सांगतोय."

"खरंच नव्हती?"

"नव्हती गं."

तिने पहिल्यांदाच विश्वास ठेवला, आणि तिचा चेहरा उतरला. इतके दिवस तिच्या मनात घरात कुठेतरी, फळीखाली, उशीत, भिंतीच्या फटीत, एक सोन्याचा दात होता. आता फक्त नवरा उरला. मेहुणा कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून झोपला. त्याचाही विरस झाला होता.

"उद्या जा कामाला," बायको म्हणाली.

तो गेला. पहिल्याच पत्र्याला नाक भरून आलं. तिसऱ्याला शिंक आली, आणि संध्याकाळी मालकांनी न मागता दोन पिवळ्या गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. गोळीने काय होतं हे आता त्याला माहीत होतं, मालकांनाही माहीत होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने गोळ्या गिळल्या. तेव्हा तोंडाला अजून पाणी होतं.

टोस्ट पुन्हा खणखणीत निघायला लागले, दुकानदार परत आले. कामावर नवीन कुणी आलं की पैलवान त्याला भट्टीपाशी आणतो आणि हळू आवाजात सांगतो, "हा कोरड्या. ह्याने मालकांचे दात चोरले होते. मालकांनी मोठ्या मनाने ह्याला परत कामावर घेतला." ते शिंक्याला ऐकू जातं. तो टिचकी मारून टोस्टचा आवाज ऐकत असतो.

मालकांचं मन खरोखरच मोठं आहे. त्याच्या तोंडाला रात्री कोरड पडते हे लक्षात ठेवून त्यांनी कवळी ठेवायचा तो जुना स्टीलचा पेला त्याला दिला. "उशाशी भरून ठेवत जा," ते म्हणाले. तो ठेवतो. पण अंगणाच्या दाराला कुलूप असतं, म्हणून पीत नाही. सकाळी पेला भरलेलाच खाली आणतो आणि पीठ मळायच्या पाण्यात ओततो. पाणी वाया गेलेलं मालकांना खपत नाही.